मिठी: नाला नव्हे, भरतीची नदी

मिठी ही मुंबईची नदी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीला मिळते. तिच्याविषयी एक मत शहरात पुन्हापुन्हा मांडलं जातं: ही नदीच नव्हे, तलावांनी जन्माला घातलेला नाला आहे, काँक्रीटच्या भिंती बांधा, तळ उपसा आणि विषय मिटवा. हे मत साफ चुकीचं आहे.

तलावांनी तिला जन्माला घातलेलं नाही. विहारचं धरण १८६० मध्ये पुरं झालं, पवईचं त्यानंतर. धरण अडवतं ते आधीपासून वाहणारं पाणी. खालच्या टोकाची खाडी तर मुंबई बेट आणि साष्टी यांना वेगळं ठेवणारी; ती ओलांडण्यासाठीच १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला.

पण सर्वांत मोठी चूक भरतीबाबत होते. नाला एकाच दिशेनं वाहतो. मिठीच्या खालच्या भागात दिवसातून दोनदा समुद्र आत शिरतो, आणि पावसाळी उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. त्या तासांत पावसाच्या पाण्याला वाट नसते, त्याला कुठेतरी थांबावं लागतं. पूर्वी ते खाजणात, तिवरांत थांबे. त्याच खाजणावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दुपारी भरती होती, आणि पाणी कुर्ला-कलिन्यातल्या घरांत शिरलं. उंच भिंत नदीला पात्रात ठेवील, पण गल्लीतलं पाणी भिंतीच्या अलीकडेच तुंबेल, कारण गटारांची तोंडं भरतीत बुडालेली असतात. तोंडांना झडपा लावल्या तर समुद्राबरोबर पाऊसही अडतो. मग पंप लागतात. म्हणजे भिंतींनी प्रश्न सुटलेलाच नसतो.

उपसलेला गाळ भरती पुन्हा आणून टाकते. पाण्याच्या काळेपणावरून नदीला नाला ठरवणं तर अन्यायच आहे. मैला आणि कारखान्यांचं सांडपाणी तिच्यात माणसांनी सोडलं.

मिठीला नदी मानलं की कामांचा क्रम बदलतो. उरलेली तिवरं आणि खाजणं भरावापासून वाचवायची, काठावर पुराच्या पाण्याला मोकळी जागा ठेवायची, मैलापाणी पात्रात येण्याआधीच वळवून शुद्ध करायचं, आणि पुराचा इशारा पावसासोबत भरतीचं वेळापत्रक पाहून द्यायचा.