पलट्यांचा पाढा

अभ्यंगस्नान उरकून माणूस फराळाच्या ताटाशी बसलेला असताना त्याला भांडणात ओढणे बरे नव्हे, हे मला कळते. परंतु ज्या गोष्टीवरून मी आज भांडणार आहे ती नेमकी याच दिवसांत कानांवर येते. शाळांना सुट्टी लागलेली असते, संगीताची परीक्षा दिवाळीनंतर तोंडावर आलेली असते, आणि लातूरच्या आमच्या गल्लीत सकाळी सात वाजल्यापासून तीन घरांतून तीन पेट्या सुरू होतात. सारेग, रेगम, गमप, मपध. वर जाऊन खाली, खाली येऊन पुन्हा वर. मोटेच्या बैलांनी धावेवर ये-जा करावी तशी ही ये-जा तासभर चालते. फरक इतकाच की मोटेच्या मागे पाणी तरी येत असे.

चौथी पेटी आमच्याच घरातली. माझी नात अकरा वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून एका वर्गाला जाते. गेल्या आठवड्यात तिने भाता मिटला, खटका लावला आणि मला विचारले, "आजोबा, गाणं कधी वाजवायचं हो?" मी उभा जन्म पेटीशी काढलेला माणूस, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. ते उत्तर येथे लिहून काढीत आहे. ते थोडे कडवट झाले तर वाचकांनी वर एक करंजी खावी.

ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पलटा किंवा अलंकार म्हणजे स्वरांची एक ठरावीक गुंफण. सा रे ग अशी तीन स्वरांची एक पायरी घ्यावयाची आणि तीच पायरी एकेका स्वराने वर चढवीत न्यावयाची. चारांची, पाचांची, उलटसुलट, एक स्वर गाळून, अशा कितीतरी पायऱ्या बांधता येतात. सात स्वर एकेकदाच घेऊन जितक्या रीतींनी मांडता येतील त्यांची संख्या 5040 होते. म्हणजे शिक्षकाला दुसरे काही शिकवावयाचे नसेल तर विद्यार्थ्याचा जन्म पुरणार नाही एवढा माल गणिताने आयता देऊन ठेवला आहे. अडचण तीच आहे.

पलटे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. असे म्हणणारा एक पंथ हल्ली निघाला आहे. 'मुलाला आवडते गाणे द्या, बोटे आपोआप वळतील,' असे ते सांगतात. ते खोटे आहे. आमच्याकडील खेड्यांत रात्रभर भजनाला साथ करणारे पेटीवाले मी पाहिले आहेत. त्यांच्या कानाला मी हात जोडतो. अभंगाची चाल कोणीही कोणत्याही पट्टीत उचलो, त्यांचा स्वर चुकत नाही. पण त्यांतले बरेच जण दोन-तीन बोटांवर संसार करतात. अंगठा पट्ट्यांच्या खाली लोंबत असतो, करंगळीला तर कामच नसते. गजर द्रुत झाला की हात अडखळतो, आणि मग भाता जोरात हालवून वेळ मारून न्यावी लागते. अंगठा बोटांखालून सरकवून सप्तक एका ओघात कसे ओलांडावे, हे गाण्यातून आपोआप येत नाही. ते कोणीतरी दाखवावे लागते आणि मग शंभर वेळा करावे लागते. तेवढ्यापुरता पलट्याला पर्याय नाही.

मग भांडण कशाशी? भांडण आहे ते साधनाला साध्य मानण्याशी. आणि येथे मी साक्षीदार आणतो तो परका नव्हे, आपल्या मराठवाड्याचा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात त्रेसष्ट अलंकार सांगितले. आज जे पलटे म्हणून घोकले जाते त्याचे मूळ घराणे ते. अलंकार कशासाठी, हेही त्याने सांगून ठेवले आहे. त्याने तीन प्रयोजने दिली : रंजकता यावी, स्वरांचे ज्ञान व्हावे आणि वर्णांच्या अंगांत वैचित्र्य यावे. या तीनांत वेग कोठे आहे? बोटांची ताकद कोठे आहे? देवगिरीच्या पंडिताने ज्याला दागिना म्हटले, त्याची आम्ही बेडी केली.

पहिला अपराध कानाचा. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोहोंत स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. पण भूपात गंधाराचे राज्य, देशकारात धैवताचे. कोठे थांबावयाचे, कोणत्या स्वरावरून कसे उतरावयाचे, एवढ्यावर दोन वेगळी माणसे उभी राहतात. आता याच पाच स्वरांचा पलटा सारख्या वजनाने, सारख्या लांबीने वर-खाली वाजवा. हा भूप की देशकार, हे ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल काय? सगळे स्वर सारखेच असतात हे पलटा शिकवितो, आणि सगळे स्वर सारखे नसतात हे राग शिकवितो. ज्या मुलाने दोन वर्षे पहिलाच धडा गिरविला त्याला दुसरा शिकवावयाचा म्हणजे आधी पहिला विसरावयास लावणे आले. यमनात नि रे ग असे षड्ज टाळून वर जाण्यात जी गोडी आहे, ती 'सारेग'ला सरावलेल्या बोटांना सापडत नाही; बोट आपले सवयीने षड्जावर पडते.

दुसरा अपराध खुद्द पेटीविषयीच्या अज्ञानाचा. हे बोटांना बळ आणण्याचे खूळ पियानोकडून आले आहे. फ्रान्समध्ये शार्ल-लुई आनो नावाच्या शिक्षकाने 1873 साली साठ कसरतींचे एक पुस्तक काढले. साठही कसरती रोज तासाभरात वाजवाव्या असा त्याचा सल्ला. जगभर ते पुस्तक चालले आणि आज कॅसिओच्या वर्गांतून ते नांदेड-लातूरलाही पोचले आहे. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते. आघात जोराचा तर आवाज मोठा. तेथे बोटाच्या वजनाला निदान अर्थ तरी आहे. पण पेटीत तारही नाही आणि हातोडीही नाही. तेथे पट्टी म्हणजे नुसती झडप. ती उघडली की हवा सुरातून जाते आणि पितळेची जीभ थरथरते. पट्टी फुलासारखी दाबा की घणासारखी दाबा, आवाज तोच. आवाज लहानमोठा होतो तो डाव्या हाताच्या भात्याने. स्वर फुगविणे, ओसरू देणे, गायकाचा श्वास संपताना आपला वारा आवरणे, हे सगळे शिल्प डाव्या हाताचे. आणि उजव्या हाताला दोन वर्षे राबविणाऱ्या आमच्या वर्गांत डाव्या हातासाठी एक तरी पलटा आहे काय?

बोटांना बळ आणणे हा शब्दप्रयोगच मुळात फसवा. बोटांत त्यांना वाकविणारे स्नायू नसतातच. ते असतात कोपराखालच्या हातात आणि तळव्यात, तेथून कंडरा बोटांपर्यंत येतात. अनामिका दुबळी म्हणून तिला शिक्षा करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण तिची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी पंजाच्या पाठीवर जोडलेली असते. तळहात टेबलावर पालथा टेका, मधले बोट आत दुमडून ठेवा आणि अनामिका उचलून पाहा. ती फारशी उचलत नाही. हा आळस नव्हे, ही शरीराची रचना आहे. तिच्याशी जुळवून घ्यावयाचे असते, लढावयाचे नसते.

मी लढलो. म्हणून हा तिसरा अपराध मी स्वतःच्या हातावरून सांगतो. माझे बालपण नांदेडचे. सचखंड गुरुद्वाऱ्यात रागी मंडळी शबद गात, तेव्हा त्यांच्या बोटांकडे मी तासन्‌तास पाहत असे. शब्द पुढे आणि हात मागे, अशी ती चाल. तेथे कोणी घाईत नसे. ते सोडून एकोणिसाव्या वर्षी मी एका वर्गात गेलो, आणि तेथे पहाटे चारपासून आठपर्यंत पलटे आले. मनगट ताठ, बोटे उंच उचलून आपटावयाची, एकपट, दुप्पट, चौपट. महिन्याभराने हात दुखू लागला. गुरुजींना सांगितले तर म्हणाले, "दुखतंय? मग लागू पडतंय." मी त्या वाक्यावर श्रद्धा ठेवली. चार महिन्यांनी मला सदऱ्याचे बटण लावता येईना. पुढची दीड वर्षे पेटीला वस्त्र घालून ठेवली होती. आईने नवस केले, वडील बोलले नाहीत. हात परत आला, पण तो जुना हात नव्हे. माझे वादन साथीपुरते राहिले, आणि जे होऊ शकले असते ते झाले नाही.

मी कोण, कुठला? पण थोरांचीही हीच कथा आहे. रॉबर्ट शूमान हा जर्मन संगीतकार वाद्यवादक व्हावयास निघाला होता. 1832 च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि तो मार्ग बंद पडला. बोटासाठी वापरलेल्या यंत्राने, की आणखी कशाने, याचा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेतील लिऑन फ्लायशर या नामांकित पियानोवादकाच्या उजव्या हाताची दोन बोटे 1964 साली आत वळू लागली आणि तीसेक वर्षे तो मुख्यतः डाव्या हाताने वाजवीत राहिला. या विकारात हात धड असतो. त्या बोटांचा मेंदूतला हिशेब विस्कटलेला असतो. तीच ती हालचाल ताणाखाली अतोनात केल्याने हा धोका वाढतो असे वैद्य मानतात. दुखणे हे लागू पडल्याचे लक्षण नव्हे. दुखणे म्हणजे थांब, एवढाच त्याचा अर्थ.

आता आमचे शेजारी काय म्हणतात ते सांगतो, कारण तेच बहुतेक वाचक म्हणतील. ते शिक्षक आहेत, आणि माझे ऐकून म्हणाले, "ओ काका, आपण लातूरचे. सरावाच्या जिवावर तर आपल्या गावाचं नाव झालं. लेकरांनी हजार प्रश्नपत्रिका सोडवल्या म्हणून डॉक्टर झाली. सराव वाईट कसा?"

बिनतोड वाटतो खरा. लातूर पॅटर्नची टिंगल करणाऱ्यांतला मी नव्हे. खेड्यातली किती मुले त्याने वर काढली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण गुरुजी, तुमच्या त्या सरावाचे मर्म हजार प्रश्नपत्रिकांत होते काय? प्रत्येक पत्रिका तपासली जात होती. चूक कोठे झाली, का झाली, हे त्याच आठवड्यात मुलाला दाखविले जात होते. न तपासलेल्या हजार पत्रिका सोडविल्या असत्या तर मुलाची चूकच तेवढी पाठ झाली असती. आमच्या गल्लीतल्या तीन पेट्यांपुढे कोण बसलेले असते? कोणी नाही. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "आवाज बंद का झाला?" म्हणजे आवाज चालू असणे हाच अभ्यास. थांबून ऐकणे हा गुन्हा.

तेव्हा माझी शिफारस सांगतो. ती आईबापांना आहे, कारण वर्ग बदलावयाचे ते फी भरणाऱ्यांच्या आग्रहाने बदलतात. अकरा वर्षांच्या मुलाने रोज पाऊण तास बसावे. त्यात पलट्यांना दहा-पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही. एका वेळी दोनच पलटे, आणि ते ज्या रागाचे गाणे चालू असेल त्याच रागाचे : भूप असेल तर मध्यम-निषाद वगळून आणि गंधारावर विसावून. आधी पलटा गळ्याने म्हणावा, मग बोटाने काढावा. जे म्हणता येत नाही ते वाजवू नये. पाच मिनिटे नुसता भाता : एकच षड्ज धरून तो न हिंदकळता लहान-मोठा करावा. उरलेला सगळा वेळ गाण्याचा. गाण्यात जेथे बोट अडेल तेथून त्या दिवसाचा नवा पलटा तयार करावा. असा पलटा पुस्तकात सापडत नाही. तो त्या मुलाच्या अडचणीतून निघतो, म्हणून मुलाला त्याचा कंटाळा येत नाही. हात दुखला की पेटी बंद. आणि आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी गाण्याला साथ करावयास बसवावे, मग ती आजीची आरती का असेना. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या मागे बसून गोविंदराव टेंब्यांचा हात खुलला. आपल्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर मोठमोठ्या गवयांची साथ करीत कीर्तीला पोचले. दुसऱ्याचा स्वर ऐकत वाजविणे हा पेटीवाल्याचा खरा रियाज.

या वर परीक्षेचे काय, असे कोणी विचारील. परीक्षेत अलंकार विचारतात हे खरे. पण रागही विचारतात, तालही विचारतात. वर सांगितलेल्या वाटेने जाणारे मूल अलंकारांत नापास झालेले मी पाहिलेले नाही. पलट्यांत पैकीच्या पैकी मिळवून पुढे पेटी माळ्यावर टाकलेली मुले मात्र या एका गल्लीत मी चार मोजली आहेत.

परवा, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी नातीला जवळ बोलावले आणि तिची वही मिटून ठेवली. तिच्या आजीने आरती म्हटली, नात साथीला बसली. अंतऱ्याच्या वरच्या षड्जाला तिचे बोट दोनदा चुकले. ती थांबली, मान खाली घालून तेवढीच जागा सात-आठ वेळा हळू वाजवून पाहिली, आणि मग म्हणाली, "आजी, पुन्हा म्हण ना." तिला पलटा वाजव असे कोणी सांगितलेले नव्हते.