बोल हरपले, भीती मात्र उरली

कुंभकोणमच्या पश्चिमेस, स्वामीमलैच्या जवळच तिरुवलंचुळी हे गाव आहे. 'वलम्' म्हणजे उजवी बाजू आणि 'चुळि' म्हणजे भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. येथील श्वेत विनायकाची मूर्ती समुद्राच्या फेनाची आहे अशी श्रद्धा असल्याने तिला जलाभिषेक होत नाही. पच्चकर्पुराची पूड तेवढी वाहतात.

व्यंकोजीराजांच्या काळापासून या तंजावर मुलुखात वसलेल्या मराठी घराण्यांपैकी एका घरातील वृद्ध आजी दर संकष्टीला या विनायकाच्या दर्शनास जात. त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात दुबळा झाला आणि वाचा गेली. काही महिन्यांत त्या काठी घेऊन चालू लागल्या. मुलाने हौसेने त्यांना देवळाकडे नेले, तर गोपुराशी येताच त्यांनी त्याचा हात घट्ट धरला, घामाघूम झाल्या व माघारी फिरल्या. दुसऱ्या खेपेसही तेच. "अम्मांचा स्वभाव हट्टी झाला," असा निर्वाळा घरच्यांनी दिला.

आपल्यापैकी कित्येकांनीही तोच दिला असता. पक्षाघातानंतर साधारण चारांतील एकाला चिंतेचा विकार जडतो. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना प्रारंभी वाचाघात असतो. म्हणजे बोलणे, समजणे, वाचणे, लिहिणे यांपैकी काही ना काही बिघडलेले असते. आता चिंता ओळखण्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्या पाहा. 'आपणांस उगाचच धास्ती वाटते काय?' असे त्या विचारतात, आणि उत्तर शब्दांत मागतात! ज्याचे शब्दच हरपले त्याने ते द्यावे कसे? शिवाय वाचाघात झालेला माणूस 'नाही' म्हणायचे असताना 'हो' म्हणून जातो. त्यामुळे पुष्कळदा असे रुग्ण तपासणीतून वगळले जात, आणि मूक माणूस शांत आहे असे गृहीत धरले जाई.

१८६१ साली पॅरिसच्या ब्रोका या शल्यवैद्याने ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला 'तां' एवढाच ध्वनी उच्चारता येई. परंतु समोरच्यास आपले म्हणणे कळले नाही की तो संतापत असे. वाचा गेली तरी मन जागेच असते, याला आणखी पुरावा तो कोणता हवा?

यावर उपाय दोन दिशांनी निघाले. पहिला म्हणजे चित्रांचा. १९९७ च्या सुमारास प्रचारात आलेल्या एका मापनात भीती, ताण, दुःख अशा आठ मनःस्थितींचे चेहरे असून आपली मनःस्थिती उभ्या रेषेवर खुणेने दाखवायची असते. रेषा उभी का? पक्षाघातानंतर काहींचे एका बाजूकडे लक्षच जात नाही. आडवी रेषा त्यांना अर्धीच दिसेल. दुसरा उपाय म्हणजे जवळच्या माणसास विचारण्याचा. एकल्स, मॉरिस व नीबोन यांनी २०१७ मध्ये पडताळून पाहिलेली प्रश्नावली रुग्णाने नव्हे, त्याची शुश्रूषा करणाऱ्याने भरायची असते. तीत भावना नव्हे, वागणूक विचारतात.

आमच्या या घरातील सूनबाईंनी, ठाऊक नसताना, जवळजवळ हेच केले. पंधरा दिवस त्यांनी एका वहीत टिपून ठेवले: सासूबाई रात्री किती वेळा उठल्या, एकटे ठेवताच अस्वस्थ झाल्या का, कोण आले असता पाठ फिरवून बसल्या. पूर्वी त्या कशा वागत, हेही शेजारी लिहिले. ही तुलना फार मोलाची आहे, कारण मुळातच एकान्तप्रिय असलेल्या माणसाचे मौन हे लक्षण नव्हे. दुखणे, मलावरोध, कमी ऐकू येणे यांनीही चिडचिड होते. छातीत दुखून घाम आला तर मात्र वही बाजूस ठेवून रुग्णालयच गाठावे.

घरी रक्तदाब पाहण्यास येणारी आरोग्यसेविका तमिळमध्ये प्रश्न विचारी. दोन भाषा बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच बिघडतात असे नाही. म्हणून सूनबाई तोच प्रश्न घरच्या मराठीत, एका वेळी एकच, पुन्हा विचारीत आणि उत्तरासाठी थांबत. थांबणे हेच कठीण, असे त्या म्हणाल्या.

मग नातवाने चार चित्रे काढली: पायऱ्यांवरून पडणारी बाई, डॉक्टर, देवळातील काळोख आणि हात जोडून बोलू पाहणाऱ्या बायका. आजींनी डाव्या हाताचे बोट चौथ्या चित्रावर ठेवले. चित्रांचा क्रम बदलून विचारले, तरी बोट तेथेच! पायऱ्यांची त्यांना धास्ती नव्हती. ओळखीच्या बायका 'कशा आहात?' म्हणून विचारतील आणि आपल्या तोंडून भलताच ध्वनी निघेल, ही होती.

वही घेऊन मुलगा डॉक्टरांकडे गेला. त्यांनी चिंतेवर उपचार सुरू केले व वाचोपचारतज्ज्ञांकडेही पाठविले. ज्यांना असा सल्ला जवळ मिळत नाही, त्यांनी शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत तमिळ व मराठी दोन्ही भाषांत बोलता येते.

आता आजींच्या गळ्यात एक पुठ्ठ्याची चिठ्ठी असते. 'मला सारे समजते. बोलता येत नाही. थोडे थांबा,' असे तीवर तमिळमध्ये व मराठीत लिहिले आहे. गेल्या संकष्टीस पहाटे गर्दी होण्यापूर्वी त्या गोपुराच्या आत, पहिल्या प्राकारापर्यंत गेल्या. तेथे एका ओळखीच्या बाईंनी चिठ्ठी वाचली, काहीही न विचारता हात हाती घेतला, आणि दोघी दगडी जाळीच्या खिडकीशी बराच वेळ बसल्या. गाभाऱ्यापर्यंत त्या अजून गेलेल्या नाहीत.