रंगांचा संवाद

तंबोऱ्याच्या तारा जुळल्या म्हणजे कानास जें सुख होतें, तेंच डोळ्यांस रंगांपासून मिळावें, असा ध्यास व्हिसलर या चित्रकारानें घेतला होता. हा जन्मानें अमेरिकन (१८३४). परंतु त्याचें बहुतेक आयुष्य लंडन व पॅरिस येथें गेलें.

१८५४ च्या तहानंतर जपानचीं बंदरें हळूहळू पाश्चात्त्यांस खुलीं झालीं आणि होकुसाई, हिरोशिगे यांचे लाकडी ठशांचे रंगीत छाप युरोपांत येऊं लागले. त्यांत छायाप्रकाशाचा खेळ जवळजवळ नाहीं. सपाट रंग, नेमकी रेषा आणि बरीचशी जागा मोकळी. व्हिसलरनें आरंभीं जपानकडून वस्तु तेवढ्या उचलल्या. ‘चिनी मातीच्या देशची राजकन्या’ या चित्रांत (१८६३-६५) एका ग्रीक घराण्यांतील तरुणीस किमोनो चढवून, हातीं पंखा देऊन उभें केलें आहे. चित्र देखणें खरेंच. पण आमच्या मतें तो वेष झाला, विद्या नव्हे.

विद्या दिसते ती १८७१ च्या चित्रांत. येथें पंखा नाहीं, किमोनो नाहीं. काळ्या वस्त्रांतील एक वृद्धा खुर्चीवर बसलेली, एका बाजूनें दिसणारी. मागें करडी भिंत, डावीकडे काळसर पडदा. उजव्या कडेची एक तसबीर चित्राच्या कांठाशीं मध्येंच कापलेली. हें कापणें थेट जपानी छापांचें. करडा हा वादी, काळा हा संवादी. टोपी व हातरुमाल यांचा शुभ्रपणा जपून लाविलेला, आणि ऊब काय ती चेहऱ्यावर व हातांवर.

ही वृद्धा चित्रकाराची जन्मदात्री, वय ६७. आणि चित्राचें नांव? ‘करड्या व काळ्या रंगांची रचना, क्रमांक १’! आपल्याकडे एखाद्या चिरंजीवानें असें केलें असतें, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्यास काय ऐकविलें असतें, हें वाचकांस सांगावयास नको. त्याचें म्हणणें असें कीं, ती माझी आई म्हणून मला तिचें अगत्य. लोकांस त्याशीं काय कर्तव्य? हा युक्तिवाद आम्हांस अर्धाच पटतो. रंग इतके आवरते घेतले म्हणूनच त्या मुद्रेवरील शांति जाणवते, हें निर्विवाद. परंतु रसशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर रंग हें उद्दीपन. आलंबन ती माउलीच.

लंडनच्या रॉयल ॲकॅडमीनें १८७२ सालीं हें चित्र मोठ्या नाखुषीनें प्रदर्शनांत घेतलें. पुढें दुसऱ्या एका चित्रावरील टीकेबद्दल व्हिसलरनें रस्किनवर अब्रुनुकसानीचा दावा लाविला. १८७८ सालीं तो जिंकला. भरपाई एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! १८७९ सालीं त्याचें दिवाळें वाजलें. १८९१ सालीं मात्र फ्रेंच सरकारनें आईचें तें चित्र विकत घेतलें. आज तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाच्या मालकीचें आहे, आणि जग त्यास ‘व्हिसलरची आई’ म्हणूनच ओळखतें.