दान रक्ताचे, बाजार औषधाचा

कोविड बालकांना सौम्यच होतो, हे समाधान अपुरे आहे. संसर्ग ओसरल्यावर २ ते ६ आठवड्यांनी काही बालकांचे हृदय दुर्बल होते, रक्तदाब कोसळतो, हे २०२० पासून ज्ञात आहे. अशा २० किलो वजनाच्या बालकास साधारणतः ४० ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन लागते. ते मानवी रक्तद्रवापासूनच बनते. आपण शिबिरांत रक्त विनामूल्य देतो. त्यातला शिल्लक रक्तद्रव कारखान्यांकडे जातो आणि औषध होऊन बाजारभावाने परततो! कोयनेच्या जलाशयाने ज्यांची शेते गिळली, त्या महाबळेश्वर तालुक्यातील तापोळ्याकडच्या माणसाने ते कसे विकत घ्यावे? बाजार गरज मोजत नाही, क्रयशक्ती मोजतो. म्हणून हृदयाची इको तपासणी आणि हे औषध प्रत्येक जिल्हा रुग्णालयात विनामूल्य व हमखास मिळालेच पाहिजे. ही याचना नव्हे. रक्त देणाऱ्या समाजाचा तो हक्क आहे.