सव्वीस नंबरचा विद्यार्थी

1987 साली आलेलं टर्बो सी आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्यातलाच एक प्रयोग बघा. वर्गातल्या साठ मुलांचे रोल नंबर आणि नावं स्ट्रक्चरमध्ये भरून फाइलमध्ये लिहायची. एफ-ओपनला नुसतं "डब्ल्यू" द्यायचं, "बी" नाही. नंतर नुसत्या "आर"ने उघडून वाचायची. वाचता वाचता सव्विसाव्या मुलापाशी फाइल संपते! एरर नाही, मेसेज नाही. उरलेली पस्तीस मुलं डिस्कवर आहेत, पण प्रोग्रामच्या दृष्टीने ती जन्मालाच आलेली नाहीत.

कारण काय? 26 म्हणजे कंट्रोल-झेड. सीपी/एम या 1970च्या दशकातल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलची लांबी 128 बाइट्सच्या रेकॉर्डमध्ये मोजली जायची. तुमचं पत्र 130 बाइट्सचं असेल तर दोन रेकॉर्ड, म्हणजे 256 बाइट्स. मग खरा मजकूर कुठे संपला हे कसं कळणार? म्हणून शेवटी कंट्रोल-झेडची खूण. जागा महाग होती, तोडगा चांगला होता. काही तक्रार नाही.

पण 1981 साली डॉस आलं तेव्हा फाइलची नेमकी लांबी, अगदी बाइटपर्यंत, डिरेक्टरीत लिहिलेली होती. खुणेची गरज संपली होती. तरी जुन्या फाइली, जुने एडिटर यांच्यासाठी ती पाळत राहिले आणि डॉसवरच्या सी कंपायलरांनी ती आपल्या लायब्ररीत घेतली. युनिक्सवर जन्मलेल्या सीला टेक्स्ट आणि बायनरी हा भेदच माहीत नव्हता. "बी" प्रमाण सीमध्ये आला 1989 साली.

आता तुम्ही म्हणाल, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, वाचा की! मला हे पटत नाही. ओळीच्या शेवटाचं भाषांतर (10 चं 13-10 करणं) मी समजू शकतो. त्याशिवाय युनिक्सवरचे प्रोग्राम डॉसवर धड चाललेच नसते. त्याचाही त्रास आहेच म्हणा: दहाव्या मुलाच्या नोंदीत एक बाइट वाढतो आणि पुढचे सगळे एफ-सीक एका घराने चुकतात. पण कंट्रोल-झेडला बचावच नाही. लांबी माहीत असताना फाइलच्या ऐन मध्यात आलेल्या 26 वर विश्वास कशाला ठेवायचा? शेवटच्या 128 बाइट्समध्ये दिसला तरच मानला असता, तर जुन्या फाइलीही चालल्या असत्या आणि नव्याही वाचल्या असत्या.

खरा गुन्हा आहे तो गप्प बसण्याचा. एफ-ईओएफ म्हणतं फाइल संपली, एफ-एरर म्हणतं सगळं ठीक. असा प्रोग्राम जेव्हा फाइलची कॉपी काढतो तेव्हा अर्धवट कॉपी तयार होते, आणि "झालं" समजून माणूस मूळ फाइल पुसून मोकळा होतो. प्रोग्राम क्रॅश झाला तर निदान कळतं तरी.

गंमत म्हणजे या भुताची भीती इतरांनीही घेतली. 1996 सालच्या पीएनजी चित्रांच्या फाइलीचे पहिले आठ बाइट्स बघा: 137, 80, 78, 71, 13, 10, 26, 10. कुणी वाटेत ओळींचं भाषांतर केलं, तर ते इथेच पकडलं जावं म्हणून 13-10 आणि शेवटचा 10. आणि तो 26 खास डॉसच्या टाइप कमांडसाठी, म्हणजे ती तिथेच थांबते आणि स्क्रीनभर कचरा ओतत नाही. विंडोजवरची मायक्रोसॉफ्टची सी लायब्ररी आजही टेक्स्ट मोडमध्ये कंट्रोल-झेडला फाइलचा शेवट मानते.

थोडक्यात काय, लायब्ररी लिहिणाऱ्याने डिफॉल्ट निवडला की तो मॅन्युअल न वाचणाऱ्या प्रत्येकाच्या वतीने निर्णय घेत असतो. तेव्हा डेटा बदलायचा किंवा तोडायचा असेल, तर तो मागितल्याशिवाय करू नये. आणि केलाच, तर निदान ओरडून सांगावं.