नाकापेक्षा बरगडी जड?

आमच्या भंडाऱ्याकडे मोहफुलांचा हंगाम म्हणजे पहाटेची लगबग. मार्च-एप्रिलात रात्रभर टपटप पडलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बाया अंधारातच टोपली घेऊन निघतात. झाडाखाली वाकलेली बाई, नजर जमिनीवर. त्याच झाडाच्या पलीकडच्या अंगाला, त्याच गोडीपायी आलेलं अस्वल, त्याचंही तोंड जमिनीला लागलेलं. दोघांनाही एकमेकांची चाहूल नसते; लागते तेव्हा मध्ये चार हातांचं अंतर उरलेलं असतं. घाबरलेलं अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं आणि पंजा मारतं तो थेट तोंडावर. कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलांच्या आजूबाजूच्या गावांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बाई वाचते. टाके पडतात, सूज उतरते, ती घरी येते. नाक मात्र आलेलं नसतं, किंवा आलं तरी खोगिरासारखं मध्येच खचलेलं. कुणी म्हणालं, की नागपुरात प्लास्टिक सर्जन छातीतल्या बरगडीचा तुकडा घेऊन नाक पुन्हा उभं करतात, की ओसरीवरची मंडळी एका सुरात बोलतात : "जीव वाचला ना, मंग नाकाचं का घेऊन बसता?"

माझं भांडण या वाक्याशी आहे. ते प्रेमापोटी बोललं जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते खोडायला जड जातं.

नाकाची शस्त्रक्रिया म्हणजे शहरी चोचले, हा पहिला पूर्वपक्ष. इथं मी कविता किंवा करुणा पुढे करणार नाही, कायदा पुढे करतो. मारहाणीत चेहरा कायमचा विद्रूप झाला तर आपला फौजदारी कायदा त्याला 'जबर दुखापत' म्हणतो. डोळा जाणं, ऐकू येणं बंद होणं, हाड मोडणं यांच्याच यादीत तो चेहरा आहे. 1860च्या दंडसंहितेत हे होतं, आताच्या न्यायसंहितेच्या 116व्या कलमातही आहे. करखात्याइतकं रूक्ष खातं दुसरं नसेल, पण त्यालाही फरक कळतो : रूप खुलवण्यासाठी केलेल्या प्लास्टिक सर्जरीवर जीएसटी लागतो, जन्मजात व्यंग, इजा किंवा अपघात यांनी बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर लागत नाही. म्हणजे कर वसूल करणाऱ्याला जे समजलं ते ओसरीवर समजायला काय हरकत आहे?

अपंगत्वाच्या 2016च्या कायद्यात मात्र एक विचित्र फट राहिली आहे. त्यातल्या 21 प्रकारांत अ‍ॅसिडहल्ल्यानं चेहरा गेलेली व्यक्ती आहे, कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती आहे. अस्वलानं ओरबाडलेल्या चेहऱ्याचं नाव त्यात नाही. अ‍ॅसिड माणूस फेकतो आणि पंजा जनावर मारतं, एवढाच काय तो फरक. आरसा दोघींना सारखंच दाखवतो.

आणि नाक नुसतं दाखवायला असतं, हे तरी कुणी सांगितलं? मधला पडदा कोसळला की श्वास अडतो, घोरणं वाढतं, नाकात खपल्या धरतात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला तांदूळ निवडायला चष्मा लागतो. तो टेकवायचा कुठे? राहिली आमची मराठी. नाक कापलं, नाक घासलं, नाक मुठीत धरलं. अब्रूचा सगळा हिशेब आपण नाकावर मांडून ठेवला आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं घातली. एवढं करून वर त्याच नकटीला सांगायचं, की नाकाचं काय घेऊन बसलीस!

दुसरा पूर्वपक्ष भीतीचा. "बरगडी काढली तर माणूस एका अंगानं लुळा पडेल." बरगडी काढत नाहीत. बरगडीचं हाड छातीच्या मध्याकडे येता येता कूर्चा होतं. आपल्या कानाला वरच्या बाजूनं चिमटीत धरलं तर हाताला लागतं तसं लवचीक, पण त्याहून जाड आणि भरीव. सहाव्या-सातव्या बरगडीच्या त्या टोकातून एक तुकडा घेतात. खाली फुप्फुसाचं आवरण असतं, तिथं सर्जनचा हात जपून चालतो. तुकडा निघाला की त्या खळग्यात सलाइनचं पाणी ओततात आणि भूल देणारे डॉक्टर रोग्याची छाती हवेनं पूर्ण फुगवतात. सगळ्यांची नजर त्या पाण्यावर. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात ना, अगदी तसंच. बुडबुडा आला नाही की पुढचं काम सुरू. नंतर काही आठवडे खोकताना, कूस बदलताना छाती दुखते. ही किंमत आहे, नाकारत नाही. पण धानाची पोती उचलणाऱ्या माणसाला तिचा बाऊ करून सांगू नये.

मग बाजारातला सिलिकॉनचा तयार तुकडा का नको? गुळगुळीत, मापाचा, छातीला चीर नाही. धडधाकट नाकाला थोडा उंचवटा हवा असेल तर पूर्व आशियात तो सर्रास बसवतात. पण पंज्यानं फाटलेल्या, व्रण धरलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या कातडीखाली परकी वस्तू टिकणं अवघड. तिला जंतुसंसर्ग होतो, कधी ती कातडी फोडून बाहेर डोकावते. स्वतःच्या कूर्चेला शरीर परकं मानत नाही. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, आजूबाजूच्या द्रवातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते, म्हणून जागा बदलली तरी तग धरते. नाकाच्या पडद्याची कूर्चा सर्वांत सोयीची खरी, पण इथं पडदाच गेलेला असतो. कानाची वाकडी आणि मऊ. खांब उभा करायचा तर सागाचं लाकूड लागतं. बरगडी तो साग.

हा साग वाकतो, हेही सांगून टाकतो, नाहीतर विरोधक सांगतील. बरगडीची कूर्चा कोरली की बाहेरच्या थरांचा ताण सुटतो आणि ती हळूहळू पीळ घेते. गिब्सन आणि डेव्हिस या ब्रिटिश सर्जनांनी 1950च्या दशकात त्याचं कारण आणि तोड दोन्ही मांडलं : गाभ्यातला भाग घ्या आणि दोन्ही बाजू सारख्या तासा. म्हणून तासलेला तुकडा सलाइनमध्ये ठेवून, तो कुठे वळतो का हे बघून मगच तो बसवण्याची रीत आहे. तरीही क्वचित नाक वर्षभरानं कलतं आणि दुसरी शस्त्रक्रिया लागते. उतारवयात कूर्चेत चुना धरतो, कोरणं कठीण होतं. आणि आमच्याकडचा खर्रा! तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. नवं नाक हवं तर खर्रा सोडावा लागेल. कितीजण तिथंच मागे फिरतील, याचा अंदाज मला आहे.

आता एक पूर्वपक्ष आपल्याच माणसांचा. "हे सगळं सुश्रुतानं करून ठेवलंय," असं म्हणून छाती फुगवायची आणि विषय संपवायचा. सुश्रुतसंहितेत पानाचं माप घेऊन गालाच्या कातडीनं नाक सांधण्याची कृती आहे, खरंच आहे. पण मला जवळचा वाटतो तो पुण्याचा कुंभार. कावसजी नावाचा मराठा शेतकरी (नाव पारशी थाटाचं, पण छापलेलं तसंच आहे) इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. 1792च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला; नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीतल्या एका माणसानं मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर पसरून रेघ ओढली, तेवढी कातडी सोलून भुवयांमधल्या देठावर फिरवून खाली वळवली. टाका एकही नाही. पाण्यात कालवलेला कात फडक्यांच्या पट्ट्यांना लावून सांधा धरला. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं, ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते छापून आलं, आणि ते वाचून सर्जन जोसेफ कार्प्यूनं 1814मध्ये लंडनमध्ये तसं नाक केलं.

कावसजीचं नाव राहिलं. कुंभाराचं कुणी विचारलंच नाही, ना इंग्रजानं, ना आपण. आपला अभिमान इतका स्वस्त आहे.

शिवाय त्या नाकात आधार नव्हता. नुसती कातडी कालांतराने आकसते, बसते. तंबूला बांबू लागतो. तो बांबू बरगडीतून मिळतो हे 1900च्या आसपास ड्रेस्डेनच्या मांगोल्ट या सर्जननं दाखवलं आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या चेहऱ्यांवर सर्जन हॅरॉल्ड गिलीजनं ते घासूनपुसून पक्कं केलं. त्याच गिलीजच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया पुण्याजवळ कोंढव्यात कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं उभी करू लागले. नाक परत आल्यावर माणूस गावात परत जाऊ शकतो, हे त्यांनी ओळखलं होतं. कुष्ठरोगाशी जुनी ओळख असलेल्या आमच्या विदर्भाला तरी ते परकं वाटू नये.

लग्नाआधी मुलीचं नाक 'चाफेकळी' करून घ्या म्हणणाऱ्या जाहिरातींशी माझं काही देणंघेणं नाही. त्या मुलीचं नाक चांगलं असतं. खोट बघायला आलेल्यांच्या डोळ्यांत असते. पण त्या जाहिरातींमुळे अस्वलानं फाडलेल्या चेहऱ्याचीही गणती हौसेत व्हावी, हे मला मान्य नाही.

भंडाऱ्यात 2024पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूर साठेक किलोमीटरवर. महिन्यातून एक दिवस तिथला प्लास्टिक सर्जन इथं येऊन बसला, तर लाखांदूरच्या बाईला निदान कळेल तरी, की तिचं नाक होऊ शकतं. जंगली जनावराच्या हल्ल्याची भरपाई वनखातं देतं. त्या भरपाईच्या कागदांत टाके किती पडले याबरोबर श्वास नाकातून जातो का, चष्मा बसतो का, हेही डॉक्टरांनी लिहावं, आणि नाक उभं करण्याचा खर्च उपचारातच धरावा. मोह पुन्हा मार्चात पडेल.