आधी केसपेपर, मग पंचनामा

"आधी पोलीस स्टेशनला जाऊन या, मग बघू." लैंगिक अत्याचार झालेली बाई रुग्णालयाच्या अपघात विभागात पोहोचली, की टेबलापलीकडून अनेकदा हेच वाक्य येते. बोलणारा दुष्ट असतोच असे नाही. कोर्टाचे समन्स, वकिलाची उलटतपासणी, वरिष्ठांची विचारणा यांची त्याने धास्ती घेतलेली असते. पोलिसांच्या पत्राआड लपून तो स्वतःची सुटका करून घेतो. त्याची भीती मला समजते, पण तिची किंमत टेबलाअलीकडे उभी असलेल्या बाईने का मोजावी?

कायद्याचे आधी उरकून घेऊ, कारण तिथे वादाला जागाच नाही. जीव वाचवणे आधी, पोलिसी सोपस्कार मागाहून, हे परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले. पोलिसांचे पत्र नाही म्हणून डॉक्टरने तपासणी नाकारू नये, हे 2000 साली कर्नाटक राज्य विरुद्ध मंजन्ना या खटल्यात सांगितले. फौजदारी कायद्याच्या 2013 च्या दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयावर, मग ते सरकारी असो की खासगी, अशा व्यक्तीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करण्याचे बंधन घातले. ते आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये आहे, आणि उपचार नाकारणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बालकांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांत तर उपचाराआधी कसलेही सरकारी पत्र मागण्यास थेट मनाई आहे. थोडक्यात, "आधी पोलीस" म्हणणारा नियम पाळत नसतो, मोडत असतो.

कायदा बाजूला ठेवला तरी घड्याळ थांबत नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, शक्यतो पहिल्या दोनच तासांत, आणि पुढे 28 दिवस न चुकता घ्याव्या लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळीही पहिल्या 72 तासांत अधिक भरवशाची असते; तांबी पाचव्या दिवसापर्यंत बसवता येते. हिपॅटायटिस-बीची लस, धनुर्वाताचे इंजेक्शन, इतर लैंगिक आजारांवरची औषधे, आणि पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा एचआयव्हीची व गरोदरपणाची तपासणी हे सगळे ओघाने येते. ठाण्यातल्या बाकड्यावर गेलेला प्रत्येक तास या हिशेबातून वजा होतो.

आता रुग्णाच्या गोपनीयतेविरुद्धचा खरा पूर्वपक्ष. तो टेबलामागच्या कारकुनाचा नाही, विचारी माणसांचा आहे, म्हणून त्याला त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे. ते म्हणतात: तुम्ही गोपनीयता गोपनीयता करता, पण आपल्याकडे बलात्कार दडपले गेले ते नेमके 'वाच्यता नको' म्हणूनच. घरच्यांनी दडपले, गावकीने दडपले, संस्थांनी दडपले. 1973 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात एका परिचारिकेवर वॉर्डबॉयने हल्ला केला. ती त्यानंतर चार दशकांहून जास्त काळ तिथल्याच खाटेवर पडून होती. आरोपीवर खटला चालला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर कधी ठेवलाच गेला नाही, आणि सात वर्षांची शिक्षा भोगून तो बाहेर पडला. ऑगस्ट 2024 मधले बदलापूरच्या शाळेचे प्रकरण घ्या. चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराबाबत शाळेने पोलिसांना कळवले नाही, म्हणून उच्च न्यायालयाने शाळेला फटकारले. तेव्हा रुग्णालयांना गुप्तता पाळायला सांगणे म्हणजे गुन्हेगारांना अभय देणे होय.

यातली उदाहरणे खरी आहेत. पण त्यांतल्या एकाही प्रकरणात तोंड बंद ठेवण्याचा निर्णय जिच्यावर अत्याचार झाला तिचा नव्हता. केईएममधली परिचारिका बोलू शकत नव्हती. बदलापूरच्या मुली एवढ्या लहान होत्या की त्यांच्या वतीने बोलणे हे मोठ्यांचेच काम होते. नाव कुणाचे राखले गेले? संस्थेचे, घराण्याचे. मी ज्या गोपनीयतेची बाजू घेतो आहे ती रुग्णाची आहे. क्षयाच्या किंवा मानसिक आजाराच्या रुग्णाला डॉक्टरकडून जी मिळते तीच. तिच्याविषयी कुणाला, केव्हा, किती सांगायचे हे तिने ठरवायचे. नवऱ्याने, सासूने, संस्थेच्या अध्यक्षांनी किंवा पोलीस पाटलांनी नव्हे. मूल अठराच्या आतले असेल तर पॉक्सोच्या कलम 19 नुसार कळवणे बंधनकारक आहे, आणि लहान मुलांबाबत ते असायलाच हवे. (सोळा-सतरा वर्षांच्या, स्वेच्छेने संबंधात असलेल्या मुलीच्या गर्भपाताची गोष्ट वेगळी. तिथे पोलिसांना कळवतानाही डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितले आहे.)

सज्ञान बाईच्या बाबतीत मात्र आपला कायदाच दोन तोंडांनी बोलतो. मोफत उपचार द्या म्हणणारे तेच कलम लगेच पुढे म्हणते की पोलिसांना ताबडतोब कळवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी यातून त्यातल्या त्यात शहाणी वाट काढली आहे. रुग्णालयाने एमएलसीची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून) नोंद करावी, पण जबाब द्यायचा की नाही, गुन्हा नोंदवायचा की नाही हे तिने ठरवावे. तिचा नकार लिहून घ्यावा आणि नकार दिला म्हणून एकही औषध अडवू नये. तपासणीलाही तिची संमती लागते, आणि ती सरसकट नव्हे तर टप्प्याटप्प्याने. उपचार हवेत पण अंतर्गत तपासणी नको, असे ती म्हणू शकते. बारा वर्षांवरील मुलीची संमतीही तिची स्वतःचीच घ्यायची. हे किती डॉक्टरांना ठाऊक आहे? रात्रपाळीचा निवासी डॉक्टर "सही करा, नाहीतर काही करता येणार नाही" म्हणतो तेव्हा तो संमती घेत नसतो, अडवणूक करत असतो.

माझे म्हणणे या सूचनांच्याही पुढे जाते. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत पोलिसांना कळवण्याची सक्ती उठवावी. गुन्हेगार मोकाट राहावा म्हणून नव्हे. तो सापडण्याची शक्यता वाढावी म्हणून.

कसे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसते आहे की नोंदलेल्या बलात्कारांपैकी 90 टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. दीर, शेजारी, मुकादम, मित्र, सर. अशा बाईला पक्के ठाऊक असते की रुग्णालयातून ठाण्यात फोन गेला, की तासाभरात तो वस्तीतही पोहोचणार. मग ती काय करते? कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाते, चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी घेते, घरी येऊन आंघोळ करते, कपडे धुते आणि गप्प बसते. तिला एचआयव्हीची गोळी मिळत नाही, लस मिळत नाही, कुणाशी बोलायला मिळत नाही; आणि तपास यंत्रणेला हवा असलेला पुरावा मोरीतून वाहून जातो. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंतच घेण्याजोगे असतात. सक्तीने पुरावा वाढत नाही, तो दारातूनच परत जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या 14 टक्के होत्या. 77 टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले. सक्तीची पुस्तकी ताकद या आकड्यांपुढे ठेवून पाहावी.

सक्तीशिवाय काम कसे चालते तेही पाहू. मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात 1986 पासून लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी केंद्र चालते. तिथे पोलिसांना न कळवता थेट जाता येते, उपचार मिळतात आणि तपासणी होते. ब्रिटनमधल्या अशा केंद्रांत नमुने जपून ठेवण्याचीही सोय असते. पुढे मन घट्ट झाले, नोकरी बदलली, घर सोडता आले, की मग तक्रारीचे तिने ठरवावे. आपल्याकडे हे जमणार नाही म्हणणाऱ्यांसाठी देशी उदाहरणही आहे. गर्भपाताच्या 2003 च्या नियमांनुसार बाईचे नाव फक्त प्रवेश नोंदवहीत येते. केसपेपर, शस्त्रक्रियेची वही, पुढच्या भेटीचे कार्ड यांवर नुसता अनुक्रमांक असतो, आणि संमतीपत्र 'गुप्त' असे लिहिलेल्या पाकिटात बंद करून ठेवतात. म्हणजे गुप्त नोंद ठेवायची कशी, हे आपल्या रुग्णालयांना चांगले येते. तीच शिस्त इथे लावायला नवा शोध लावावा लागणार नाही. न्याय संहितेच्या कलम 72 नुसार पीडितेची ओळख उघड करणे आधीच गुन्हा आहे. तरीही "ती रेपची केस कुठल्या बेडवर आहे?" असा प्रश्न वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जातो. त्याला गुन्हा म्हणायचे आपल्याला सुचतसुद्धा नाही.

दुसरा आक्षेप जुना आणि हट्टी आहे: "अंगावर जखमच नाही, तर तपासायचे काय?" या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रातूनच जातो. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. वैद्यकीय अहवालात जखमा नव्हत्या, आणि दोन बोटांनी केलेल्या योनितपासणीची ती कुप्रसिद्ध नोंद होती. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडून दिले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी 1979 मध्ये न्यायालयाला उघड पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीने 1983 ची कायदादुरुस्ती घडवली. दोन बोटांची चाचणी मात्र त्यानंतरही दशकानुदशके चालू राहिली. ती अशास्त्रीय आहे आणि करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्येसुद्धा बजावून सांगावे लागले. भीतीने गोठलेले शरीर प्रतिकार करत नाही, गळ्याला चाकू असला तर कुणी ओरबाडत नाही, आणि उशिरा आलेल्या बाईच्या बारीक जखमा भरून आलेल्या असतात. डॉक्टरने काय पाहिले ते लिहावे, जखम का दिसत नसेल तेही लिहावे. बलात्कार झाला की नाही हा कायद्याचा निष्कर्ष आहे. तो त्याने काढायचाच नाही.

"आमच्याकडे लेडी डॉक्टर नाही" या सबबीला दोन ओळी पुरेत. मुलगी अठराच्या आतली असेल तर स्त्री डॉक्टर लागते. सज्ञान स्त्रीला, तिची हरकत नसेल तर, पुरुष डॉक्टरही सोबत स्त्री मदतनीस ठेवून तपासू शकतो. आणि गोळ्या द्यायला डॉक्टर स्त्री की पुरुष यावाचून काही अडत नाही.

तरीही ज्यांची गैरसोय सगळ्यात मोठी आहे त्यांचे नाव या सगळ्या कलमांत येतच नाही. नवऱ्याकडून झालेला बलात्कार आपल्याकडे सहसा बलात्कार ठरत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 7 खाली अशी पत्नी दवाखान्यात मदत मागू शकते, आणि सप्टेंबर 2022 च्या निकालानंतर गर्भपातापुरता तरी तो बलात्कार धरला जातो. सज्ञान पुरुषाला तर नव्या संहितेत कलमच उरलेले नाही. 2014 च्या सूचना पुरुष आणि तृतीयपंथी दोघांनाही मोजतात. डॉक्टरने त्यांचे ऐकावे.

मदत आहे का? आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचावे लागते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून सुरू केलेले 'दिलासा' केंद्र पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांत गेले. रुग्णालयाच्या आतच, ओपीडीच्या गर्दीत मिसळून जाता येईल अशा खोलीत समुपदेशक बसते, हे त्याचे मर्म. बाई कशासाठी आली आहे हे बाहेरच्याला कळत नाही. 'सखी' वन स्टॉप सेंटर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, 181 हा क्रमांक आहे. एक गोष्ट घरोघरी माहीत हवी: शक्यतो आंघोळीआधी जावे, अंगावरचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता कागदात गुंडाळून न्यावेत. आंघोळ झाली असली, दोन दिवस उलटले असले, तरी जावेच. औषधांची वेळ अजून गेलेली नसते.

राहिला शिक्षेचा प्रश्न. उपचार नाकारणाऱ्याला एक वर्ष कैद, हे कलम गेली कित्येक वर्षे पुस्तकात आहे. पण ते वापरायचे कुणी? जिला परत पाठवले तिनेच ठाण्यात जाऊन रुग्णालयाविरुद्ध तक्रार द्यायची, म्हणजे ज्या वाच्यतेला भिऊन ती दवाखान्यात आली ती वाच्यता स्वतःच करायची. असे कोण करील? म्हणून तपासणीचा भार आरोग्य खात्याने उचलला पाहिजे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी दर तीन महिन्यांनी प्रत्येक रुग्णालयाची नोंदवही नावे झाकून मागवावी आणि दोनच रकाने पाहावेत: बाई किती वाजता आली, आणि पहिली गोळी किती वाजता दिली.